आरसे काढलेली गाडी

शर्यतीच्या ट्रॅकवर मोटारसायकल उतरवायची तर आधी तिचे आरसे काढतात. हेडलाइटवर चिकटपट्टी मारतात, नंबरप्लेट उतरवतात, साइड स्टँड खोलून बाजूला ठेवतात. रेडिएटरमधलं कूलंट काढून टाकून साधं पाणी भरतात. इंजिन ऑइल सोडायच्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची तार ओवतात आणि ती पिळून घट्ट बांधतात. मी हे सगळं पहिल्यांदाच पाहत होतो आणि यातल्या एकाही गोष्टीचं कारण मला समजत नव्हतं.

दादाला, म्हणजे माझ्या पुण्याच्या मामेभावाला, विचारलं. तो हातातलं काम न थांबवता सांगत गेला. आरसे नकोत, कारण मागे बघायचंच नाही. मागून जो जास्त वेगाने येतोय, तुला सांभाळून ओलांडून जाणं ही त्याची जबाबदारी. तू फक्त तुझी रेषा सोडायची नाहीस. कूलंट नको, कारण गाडी पडून ते रस्त्यावर सांडलं तर डांबर निसरडं होतं आणि सुकतही नाही. पाणी लगेच सुकतं. बोल्टला तार अशासाठी, की थरथरून तो ढिला झाला तरी गळून पडू नये, ऑइल मागच्याच्या चाकाखाली येऊ नये.

एवढं ऐकल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. मला वाटत होतं ही तयारी गाडी जोरात पळावी म्हणून चाललीय. तिच्यातली बरीचशी मागून येणाऱ्या माणसासाठी होती.

चेन्नईच्या पश्चिमेला, बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टई नावाचं गाव आहे. आम्ही उतरलो तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक तिथे १९९० पासून आहे. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर, वळणं १२. हल्ली त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, पण जुनी मंडळी अजून जुनंच नाव, एमएमआरटी, घेतात. मी बुऱ्हाणपूरचा. घरचा यंत्रमागाचा व्यवसाय, वय चाळिशीच्या पुढे. गाडी लहानपणापासून चालवतो, पण ती इंदूर-इच्छापूर रस्त्यावर, केळीच्या ट्रकांमधून वाट काढत. दादा बरीच वर्षं या ट्रॅकवर येतो. या वेळी तो म्हणाला, ‘‘नुसते व्हिडिओ काय बघतोस, चल माझ्याबरोबर.’’ मी भुसावळमार्गे पुणं गाठलं. तिथून त्याची २००८ची यामाहा आर-वन, माझ्यासाठी मागून घेतलेली एक जुनी निंजा २५० आर आणि त्याच्या गटातल्या मित्रांच्या आणखी काही गाड्या एका बंद ट्रकमध्ये पट्ट्यांनी आवळून बांधल्या आणि आम्ही निघालो. सोबत घरून दिलेला दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या मिठाईचा, डबा होता.

गटात कोण कोण होतं ते सांगायला हवं, कारण मी मनात वेगळंच चित्र धरून गेलो होतो. सुपरबाइक म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा शौक, असं आमच्याकडे सगळेच समजतात. इथे पिंपरीच्या कारखान्यात लेथवर काम करणारा एक टर्नर होता, नाशिकच्या दंतवैद्य बाई होत्या, एक शाळेतले गणिताचे सर होते. गाड्या बहुतेक दहा-पंधरा वर्षं जुन्या. कुणी हप्त्यांवर घेतलेली, कुणी अपघातात मोडलेली उचलून स्वतः उभी केलेली. नव्या सुपरबाइकची किंमत हल्ली वीस लाखांच्या पुढे जाते. ती ट्रॅकवर पाडायची हिंमत नोकरदार माणसाला होत नाही. जुनी गाडी पडली तर फायबरचं साधं आवरण बदलायचं, वाकलेला लिव्हर काढून दुसरा लावायचा आणि पुढच्या फेरीला उतरायचं.

या गाड्यांचा आपल्याकडचा इतिहासही फार जुना नाही. ‘धूम’ सिनेमा २००४ साली आला तेव्हा पडद्यावर दिसलेल्या त्या गाड्या भारतात कंपनीच्या दुकानात मिळतच नव्हत्या. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी बाहेरून आणलेल्या. डिसेंबर २००७ मध्ये यामाहाने आर-वन अधिकृतपणे विकायला काढली, किंमत साडेदहा लाख. मग सुझुकी आली, होंडा आली. दादाची गाडी त्या पहिल्या खेपेतली. ९९८ सीसी, चार सिलिंडर, कंपनीच्या कागदावर १८० पीएस. हा आकडा मला आधी काहीच सांगत नव्हता. आमच्या गल्लीत अजून एक आरएक्स-१०० आहे आणि तिची ताकद ११ च्या आसपास. हे आठवलं तेव्हा आकड्याचा अर्थ लागला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या गाडीत काय नाही. तिला एबीएस नाही. ट्रॅक्शन कंट्रोल नाही. बीएमडब्ल्यूची एस १००० आरआर २००९ च्या सुमाराला बाजारात आली आणि त्यानंतर हळूहळू सगळ्याच सुपरबाइकमध्ये संगणक बसले. मागचं चाक घसरायला लागलं की ते ओळखून इंजिनाची ताकद कमी करणारे. त्याआधीच्या गाड्यांत हे काम चालवणाऱ्याच्या उजव्या मनगटालाच करावं लागतं. गणिताचे सर म्हणाले, ‘‘नव्या गाडीत तुमची चूक गाडी झाकते. जुनी ती तुमच्यासमोर मांडते. शिकायचं तर जुन्यावर.’’ जुन्या गाड्यांवर या लोकांचं एवढं प्रेम का, याचं मला मिळालेलं हे सगळ्यात सरळ उत्तर.

सकाळी सगळ्यांना एका खोलीत बसवून नियम सांगितले. झेंड्यांपासून सुरुवात. पिवळा दिसला की पुढे काहीतरी घडलंय, वेग कमी करा, कुणालाही ओलांडू नका. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा आहे. निळा म्हणजे मागून जास्त वेगवान गाडी येतेय. काळा म्हणजे तुम्ही आत या. लाल म्हणजे सगळं थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत, परता. मग गट पाडले: वेगवान, मधला आणि नवख्यांचा. प्रत्येक गटाला ठरावीक मिनिटांची पाळी. पिटमधून बाहेर पडताना पांढरी रेघ ओलांडायची नाही. आत यायचं असेल तर आधी हात किंवा पाय बाहेर काढून खूण करायची. इतके नियम एका बैठकीत ऐकून मी गांगरलो. वहीत उतरवून घेतले आणि पाळीची वाट पाहत पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

मग तो चामड्याचा सूट. अख्ख्या अंगाचा एकच, आत खांद्याला, कोपराला, गुडघ्याला, पाठीला कडक पॅड. तो चढवायला दोन माणसांची मदत लागली. चेन्नईच्या दमट हवेत पाच मिनिटांत आतून घामाने भिजलो. ज्यांच्याकडे स्वतःचा सूट नसतो त्यांना भाड्याने मिळतो. माझा तसाच होता. हेल्मेटचा पट्टा दोन कड्यांमधून ओढायचा, खटकीचा चालत नाही.

टायरबद्दलही सांगतो, कारण आमच्याकडे हे कुणी बघतच नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे छापलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसो, जुन्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. आर-वनला कंपनी रस्त्यासाठी पुढे ३६ आणि मागे ४२ हवा सांगते. ट्रॅकवर दादाने ती तिशीच्या आसपास आणली, कारण जोरात चालवल्यावर टायर तापतो, आतली हवा फुगते आणि दाब आपोआप वाढतो. मी घरी परतल्यावर पहिलं काम केलं ते माझ्या रोजच्या गाडीच्या टायरवरचे आकडे वाचण्याचं.

माझी पाळी आली. निंजा २५० आर ही काही सुपरबाइक नव्हे, दोन सिलिंडरची लहान गाडी. पण शिकणाऱ्याने लहान गाडीवरच सुरुवात करावी असं दादाचं ठाम मत आणि मला ते पटलेलं. पुढे एक अनुभवी रायडर, त्याच्यामागे आम्ही नवखे रांगेने.

पहिल्या फेरीत मला काहीच समजलं नाही. रस्ता एवढा रुंद की नेमकं कुठून जायचं तेच कळेना. घरी रस्ता आपल्याला वाट दाखवतो: खड्डा आहे, इकडून, ट्रक आहे, तिकडून. इथे खड्डा नाही, दुभाजक नाही, समोरून कुणी येत नाही. वळण आलं की मी समोरच्या डांबराकडे बघत होतो आणि गाडी मला नको तिथे जात होती. पाळी संपल्यावर त्या रायडरने सगळ्यांना जमवून सांगितलं: गाडी तुमची नजर जाते तिकडे जाते. चाकापुढचं डांबर बघाल तर वळण संपेपर्यंत धडपडत राहाल. ब्रेक सरळ रस्त्यावरच पुरा करा. मग वळणाच्या आतल्या टोकाकडे बघा आणि तिथे पोहोचण्याआधीच नजर बाहेर पडायच्या वाटेवर न्या. ॲक्सिलरेटरची मूठ एकदम सोडायची नाही, एकदम पिळायचीही नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली ती ऐकून मी चक्रावलो. वेगात गाडी उजवीकडे झुकवायची तर उजवा हँडल पुढे ढकलायचा. म्हणजे क्षणभर चाक डावीकडे वळवायचं आणि गाडी उजवीकडे झुकते. मी म्हटलं, हे कसं शक्य आहे? तर म्हणे, तुम्ही इतकी वर्षं हेच करताय, फक्त नकळत. दुसऱ्या पाळीत जाणूनबुजून करून पाहिलं. हलकेच ढकललं आणि गाडी तत्काळ, आज्ञाधारकपणे झुकली. इतकी वर्षं गाडी चालवून ही गोष्ट कुणी मला सांगितली नव्हती, याचं वाईट वाटलं. लायसन्स काढताना आठचा आकडा काढून दाखवला होता. त्यात हे कुठेच नव्हतं.

दुपारी वेगवान गट उतरला तेव्हा मी पिटच्या भिंतीशी उभा होतो. मुख्य सरळ पट्ट्यावरून जुन्या हजार सीसीच्या गाड्या जायला लागल्या. आवाज आधी छातीत येतो, मग कानात. ताशी २०० म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. पट्ट्याच्या शेवटी पहिलं वळण, सी-वन, उजवीकडचं आणि फार वेगाचं. आयुष्य यंत्रमागाच्या खोलीत गेल्यामुळे माझे कान तयार आहेत: शंभर ठोक्यांत एका धोट्याचा ठोका चुकला तरी मी मान वर करतो. तसाच मी इथे ऐकत राहिलो. प्रत्येक गाडीचा सूर त्या वळणाआधी वेगळ्या ठिकाणी उतरत होता. कुणी लवकर मूठ सोडतो, कुणी उशिरा. दादाचा सूर मात्र प्रत्येक फेरीत एकाच जागी उतरत होता. तो सगळ्यात वेगवान नव्हता. पण इतकं सारखं चालवणं हीच खरी कमाई आहे, हे मला कानांनी कळलं.

मग टर्नर पडला. एका मधल्या वळणावर पुढचं चाक सुटलं आणि माणूस व गाडी दोघंही घसरत खडीत गेले. लाल झेंडे एकाच वेळी सगळीकडे हलले. आवाज खाली आला, सगळ्या गाड्या सावकाश परतल्या. रुग्णवाहिका तिथेच उभी असते. डॉक्टर मिनिटाभरात पोहोचले. तो स्वतःच्या पायांनी चालत आला. सूटचं कोपर घासून पांढरं पडलं होतं, आतलं कातडं शाबूत. गाडीचा क्लच लिव्हर आणि फूटरेस्ट गेले होते.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. कुणी कुणाला काही बोललं नाही आणि सात-आठ माणसं त्या गाडीभोवती बसली. सरांनी फूटरेस्टचा वाकलेला भाग सरळ केला. दंतवैद्य बाईंनी आपल्या गाडीचा क्लच लिव्हर काढून दिला आणि म्हणाल्या, ‘‘माझी शेवटची पाळी तुम्ही घ्या, मी आज भरपूर चालवलंय.’’ टर्नरने त्याच्या बदल्यात घरी जाऊन लेथवर त्यांना नवा फूटरेस्ट करून द्यायचं कबूल केलं. मी दराब्याचा डबा उघडला. तोही तिथेच संपला.

हा खेळ निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत तेरा वर्षांचा एक मुलगा गेला. संध्याकाळी त्याचा विषय निघाला तेव्हा सगळे गप्प झाले, मग लहान मुलांना कोणत्या वयात कोणती गाडी द्यावी यावर गंभीरपणे बोलत राहिले. मृत्यूवर पांघरूण न घालता त्याबद्दल बोलणारी ही माणसं मला जबाबदार वाटली.

शोलावरमच्या गोष्टीही त्याच रात्री ऐकल्या. तिथे, चेन्नईच्या उत्तरेला, दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. हा ट्रॅक होण्याआधी क्लबच्या शर्यती तिथेच होत. गाड्या असत येझदी, आणि १९८३ नंतर एस्कॉर्ट्सची राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी. ३४७ सीसीची ती दोन-स्ट्रोक गाडी हीच त्या काळची आपली सुपरबाइक. पुण्याचे अस्पी भाथेना त्याच पिढीतले राष्ट्रीय विजेते. पुढे ते ‘बाइक इंडिया’ मासिकाचे संपादक झाले. गप्पा मग इंग्लंडवर गेल्या. तिथला ब्रिटिश मोटारसायकल रेसिंग क्लब १९०९ पासून हौशींच्या शर्यती भरवतोय. आठवडाभर नोकरी करून सुटीत फायरब्लेड किंवा जीएसएक्स-आर यांसारखी जुनी सुपरबाइक घेऊन येणारे तिथे पुष्कळ. आपल्याकडे बुद्ध सर्किटवर काही हंगाम सुपरबाइकवाल्या हौशींसाठी वेगळ्या शर्यती झाल्या, २०२३ मध्ये तिथे मोटोजीपीही येऊन गेली. पण पुण्याचा माणूस आजही सरावासाठी हजारापेक्षा जास्त किलोमीटर गाडी वाहून नेतो. कोल्हापूरजवळ मोहिते कुटुंबाने उभारलेला छोटा ट्रॅक आहे, तो मुळात कार्टिंगचा. लहान गाड्यांना ठीक. खानदेशात आणि निमाडात तेवढंही नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पाळीत दादाने आर-वनची किल्ली माझ्या हातात ठेवली. अट घातली: तिसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, मूठ अर्ध्याच्या पुढे पिळायची नाही. ही गाडी पहिल्याच गिअरमध्ये ताशी दीडशे गाठू शकते, त्यामुळे अट घालायला लागतेच. मी बसलो. पुढचा सगळा भार मनगटांवर येतो, पोट टाकीला टेकतं. पिटमधून बाहेर पडून सरळ पट्ट्यावर आल्यावर मूठ थोडीशी फिरवली आणि समोरचं वळण माझ्या अपेक्षेच्या फार आधी आलं. त्या क्षणी मला वेगाचा आनंद झाला नाही. मला एकच कळलं: इथे माझी कुठलीही घाई ही गाडी दसपट करून मला परत देईल. लवकर ब्रेक धरला, नजर लांब टाकली, हलकेच ढकललं. गाडी झुकली आणि शांतपणे वळून बाहेर आली. मागून कुणीतरी मला बाहेरच्या बाजूने पुष्कळ अंतर ठेवून ओलांडलं. मी माझी रेषा सोडली नाही. त्यानंतरच्या फेऱ्यांत मला भीती वाटली नाही.

परतताना मात्र एक मुलगा आठवून मन जड होतं. आमच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या एका बाईंचा मुलगा बुऱ्हाणपूर ते शाहपूर या पट्ट्यावर रात्री मित्रांशी शर्यत लावताना गेला. एकोणीस वर्षांचा. हेल्मेट नव्हतं, समोरून दिवे न लावलेला ट्रॅक्टर आला. त्याच्यात धाडस कमी नव्हतं, हातही चांगला होता. त्याला मिळालं नाही ते एवढंच: एकाच दिशेने धावणारा रस्ता, झेंडा दाखवणारा माणूस, उभी असलेली रुग्णवाहिका आणि आपल्यामुळे मागच्याला धोका होऊ नये म्हणून बोल्टला तार बांधणारे सोबती. त्याच्या आईला मी ट्रॅकबद्दल सांगितलं नाही. सांगून काय करणार होतो?

पण बाकीच्या मुलांना सांगतोय. जळगाव, भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा इथली तरुण मुलं रात्री महामार्गावर शर्यती लावतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पोलीस त्यांना पकडतील, गाड्या जप्त होतील, तरी वेगाची ओढ जाणार नाही. ती ओढ वाईट नाही, तिला जागा हवी. आपल्या भागात साखर कारखाने, सूतगिरण्या, केळीचे मोठे बागायतदार आहेत. लहान गाड्यांसाठी दीड-दोन किलोमीटरचा, कडेला खडीचे पट्टे आणि शिकवणारा माणूस असलेला एक ट्रॅक उभारणं त्यांच्या आवाक्यात आहे. कोल्हापूरला एका कुटुंबाने ते करून दाखवलंय.

तोवर एवढं करा. मुलाला मोठी गाडी घेऊन देणार असाल तर गाडीच्या पैशांतूनच एका रेसिंग स्कूलचे पैसे बाजूला काढा. चेन्नईला आणि कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर असे वर्ग भरतात. शर्यतीत उतरायचं असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं लायसन्स लागतं, त्याचीही वाट अशाच शाळेतून जाते. सूट भाड्याने मिळतो, आधी विकत घेऊ नका. हेल्मेट मात्र स्वतःचं, चांगलं आणि मापाचं घ्या. आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी टायरवरचे ते चार आकडे वाचा.